सुंभ, साखळी आणि पीळ

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपल्याकडे बहुधा हट्टी माणसास उद्देशून वापरतात. वैभव गेले, अधिकार गेला, तरी ज्याचा ताठा जात नाही त्याच्या पाठीमागे ती हळूच उच्चारली जाते. आम्ही वकिली करीत असल्याने असे पीळ आमच्या नित्य परिचयाचे आहेत. जमिनीचा तुकडा केव्हाच हातचा गेलेला असतो आणि दावा मात्र तिसऱ्या पिढीत चालू असतो. परंतु या लेखापुरता आम्ही त्या म्हणीचा जरा निराळा अर्थ घेणार आहोत. सुंभ म्हणजे द्रव्य आणि पीळ म्हणजे त्या द्रव्याला मिळालेली रचना. द्रव्य नाहीसे झाले तरी रचना मागे राहू शकते काय, आणि राहिली तर तिची साक्ष किती ग्राह्य मानावी, हा प्रश्न अलीकडे आम्हांस पडला. तो पडण्यास एक अगदी क्षुल्लक वस्तू कारण झाली.

परदेशी नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने सुट्टीत येताना आगगाडीच्या एका मालडब्याची प्रतिकृती आणली. सुटे भाग जोडून ती उभी करावयाची असते. मूळ डबा अमेरिकेतील, ४० फूट लांबीचा. प्रतिकृती त्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढी, म्हणजे जेमतेम साडेपाच इंच. दारे, पायऱ्या, छपरावरची चालण्याची फळी, सारे यथास्थित होते. फक्त हातब्रेकाची साखळी ही साखळी नव्हती. प्लॅस्टिकच्या अंगावरच गाठीगाठींचा एक उंचवटा उठवून साच्याने तिची बोळवण केली होती. भाचा म्हणाला, "मामा, हा उंचवटा खरवडून काढायचा आणि तिथे तारेची साखळी बसवायची. तिकडचे हौशी लोक असेच करतात." तयार साखळीही विकत मिळते, तिच्या एका इंचात ४० दुवे असतात. पण तिची किंमत ऐकून आम्ही घरातल्या तुटक्या विजेच्या वायरकडे वळलो. अर्ध्या तासात साखळी तयार झाली. ती कोठे आणि कशी अडकवावयाची हे मात्र त्या अर्ध्या तासात कळले नाही. त्यासाठी आगगाडीच्या इतिहासाची पुष्कळ पाने उलटावी लागली, आणि ती उलटताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटले.

आगगाडी म्हटली की इंजिन, वाफ आणि रूळ आपल्या डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः आगगाडी ही प्रथमपासून साखळीने बांधलेली वस्तू होय. ब्रिटनमधील मालगाड्यांचे डबे तीन दुव्यांच्या आखूड साखळीने एकमेकांस जोडीत. प्रत्येक डब्याच्या टोकास आकडा असे, आणि कामगार टोकाला आकडी असलेली लांब काठी घेऊन एका डब्याची साखळी दुसऱ्याच्या आकड्यावर अचूक टाकीत असे. ही साखळी मुद्दाम सैल ठेवलेली असे. इंजिनाने ओढ दिली की पहिला डबा हले, मग दुसरा, मग तिसरा. सारा भार एकाच क्षणी इंजिनावर पडत नसे. उलट गाडी थांबू लागली की डबे एकामागून एक पुढच्या डब्यावर आदळत, आणि तो खडखडाट गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाई. तेव्हा तीन दुव्यांतील ती ढिलाई हा निष्काळजीपणा नव्हता. तिच्यामागे हिशेब होता.

अमेरिकेत याहून साधी आणि याहून क्रूर रीत रूढ होती. तेथे साखळीचा एकच लांबट दुवा आणि एक खीळ एवढ्यावर काम भागवीत. डबा जवळ येत असताना कामगाराने दोन डब्यांच्या मध्ये उभे राहावयाचे, हाताने तो दुवा समोरच्या खोबणीत धरावयाचा आणि नेमक्या क्षणी वरून खीळ सोडावयाची. क्षण चुकला की बोटे जात, पाय घसरला की प्राण जाई. हात पाहून रेल्वेतला जुना माणूस ओळखता येई, असे त्या काळी म्हणत. ईलाय जॅनी नावाच्या व्हर्जिनियातील गृहस्थाने १८७३ साली आपोआप अडकणाऱ्या जोडणीचे पेटंट घेतले. एका हाताची वाकविलेली बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवावी तशी तिची घडण आहे. हा मनुष्य पेशाने अभियंता नव्हता, कापडाच्या दुकानात कारकून होता. आणि आपल्या जोडणीची पहिली प्रतिकृती त्याने चाकूने लाकूड तासून केली असे सांगतात. हे खरे असेल तर असंख्य हात वाचविणाऱ्या एका शोधाचा आरंभ लाकडाच्या एका स्वस्त तुकड्यातून झाला, हे प्रतिकृतींस पोरखेळ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शोध लागला म्हणजे तो लगेच वापरात येतो असे नाही. मध्ये खर्च येतो, आणि खर्चापाठोपाठ कायदा यावा लागतो. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ मध्ये काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात, रणांगणावरील शिपायाइतकाच धोका या कामगारांनी पत्करावा हे आपल्या सुधारणेस लांच्छन आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. १८९३ साली रेल्वे सुरक्षा साधनांचा कायदा झाला. माणसाने मध्ये न शिरता धक्क्यासरशी आपोआप जुळतील अशा जोडण्या प्रत्येक डब्यास असल्या पाहिजेत, असे त्याने ठरविले. तयारीसाठी दिलेली मुदत वाढत वाढत १९०० सालापर्यंत आली.

येथे आमच्यातील वकिलास एक खटला सांगितल्यावाचून राहवत नाही. ५ ऑगस्ट १९०० रोजी यूटा प्रांतातील प्रॉमंटरी या गावी जॉन्सन नावाच्या ब्रेकवाल्यास हुकूम झाला की इंजिन मालगाडीपासून सोडवून बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या भोजनाच्या डब्यास जोडावे. इंजिनास जॅनीची जोडणी होती, डब्यास मिलर नावाचा आकडा होता. दोन्ही आपापल्या जातीच्या जोडीदाराशी आपोआप जुळत. एकमेकांशी मात्र जुळत नसत. जॉन्सनला मध्ये शिरावे लागले. त्याचा हात चेंगरला आणि मनगटाच्या वर कापावा लागला. खालच्या न्यायालयांत रेल्वे कंपनी जिंकली. प्रत्येक वाहनास एक स्वयंचलित जोडणी आहे ना, मग अक्षरशः कायदा पाळला गेला. शिवाय भोजनाचा डबा रिकामा उभा होता, तो प्रवासात नव्हताच, असा तिचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९०४ मध्ये हा निकाल फिरविला. मुख्य न्यायमूर्ती फुलर यांनी दाखवून दिले की माणसास दोन डब्यांच्या मध्ये जावे लागू नये हाच कायद्याचा हेतू आहे. ज्या दोन जोडण्या एकमेकींशी जुळत नाहीत त्या असून नसल्यासारख्या. कायद्याचे कलम तेथे सुंभासारखे होते, हेतू हा त्याचा पीळ होता, आणि न्यायालयाने पीळ धरला. प्रॉमंटरी हे तेच ठिकाण, जेथे १८६९ साली अमेरिका खंडास ओलांडणारा लोहमार्ग जोडताना सोन्याचा खिळा ठोकण्याचा समारंभ झाला होता. सोन्याच्या खिळ्याची हकीकत पाठ्यपुस्तकांत येते. जॉन्सनचा हात कायद्याच्या अहवालांत पडून आहे.

आता हातब्रेकाच्या साखळीकडे वळू. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकाचे पेटंट घेतले, पण मालगाड्यांवर तो सर्रास येण्यास पुष्कळ वर्षे लागली. तोपर्यंत अमेरिकेत गाडी थांबविण्याचे काम डब्यांच्या छपरांवरून चाले. प्रत्येक डब्याच्या टोकास उभा लोखंडी दांडा, वर एक चाक. इंजिनाची शिट्टी झाली की ब्रेकवाले धावत्या गाडीच्या छपरांवरून एका डब्यावरून दुसऱ्यावर जात आणि चाके पिळीत. चाक फिरले की दांड्याच्या खालच्या टोकाभोवती साखळी गुंडाळली जाई, ती तरफ ओढी आणि तरफेने ब्रेकाचे ठोकळे चाकांवर दाबले जात. पावसात, बर्फात, अंधारात हे चाले. आमच्या प्रतिकृतीच्या छपरावर जी अरुंद फळी आहे ती शोभेसाठी नाही; ती या माणसांची पायवाट होती. आणि तो प्लॅस्टिकचा उंचवटा म्हणजे त्यांच्या मनगटातील बळ चाकांपर्यंत पोहोचविणारी साखळी होती.

साखळीइतकाच दोरही आगगाडीच्या इतिहासात गुंफलेला आहे. १८३७ साली लंडनचे यूस्टन स्थानक उघडले तेव्हा तेथून कॅम्डनपर्यंतचा चढ इंजिन चढत नसे. कॅम्डन येथे स्थिर वाफयंत्रे बसविली होती आणि ती एका अखंड फिरणाऱ्या दोरखंडाने गाडी वर ओढून घेत. १८४४ पर्यंत हा प्रकार चालू होता. जत्रेत देवाचा रथ ओढताना ज्यांनी दोरास हात लावला आहे, त्यांस शेकडो माणसांचे बळ एका दोरात कसे एकवटते हे सांगावयास नको; कॅम्डनला ते बळ वाफेचे होते, एवढाच फरक. पुढे इंजिने बलवान झाली आणि दोर चढावरून उतरला, तरी गाडीवरून गेला नाही. उघड्या डब्यातील माल ताडपत्रीने झाकून दोरांनी आवळावयाचा, लाकडाचे ओंडके साखळ्यांनी जखडावयाचे, ही कामे चालूच राहिली. माल कोरडा पोहोचला की ओला, यावर व्यापाऱ्याचा नफा आणि कंपनीवरील दावा अवलंबून असे, आणि ते पुष्कळदा एका गाठीवर येऊन ठेपे.

प्रवाशांच्या वाट्यास आलेला दोर याहून नाट्यमय आहे. ९ जुलै १८६४ रोजी लंडनमध्ये टॉमस ब्रिग्ज या बँकेतील वृद्ध अधिकाऱ्यावर पहिल्या वर्गाच्या बंद कप्प्यात हल्ला होऊन त्यांस बाहेर फेकण्यात आले, आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्या काळच्या डब्यांत एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट नसे. आत काय चालले आहे हे गार्डास कळण्याचा मार्ग नव्हता. लोकांत मोठी भीती पसरली. १८६८ च्या कायद्याने, न थांबता २० मैलांहून अधिक धावणाऱ्या प्रवासी गाडीत प्रवासी आणि कंपनीचे नोकर यांच्यात संपर्काचे साधन असलेच पाहिजे असे बंधन घातले, आणि विनाकारण ते वापरणाऱ्यास ५ पौंडांपर्यंत दंड ठेवला. सुरुवातीस हे साधन म्हणजे डब्यांच्या बाहेरून, वळचणीखालून गेलेली एक दोरी होती. प्रवाशाने खिडकी उघडून, हात बाहेर घालून, चाचपडत ती ओढावयाची, म्हणजे पुढे घंटा वाजावयाची. लांब गाडीत ती दोरी इतकी सैल असे की घंटा पुष्कळदा वाजतच नसे.

हीच दोरी आपल्या देशात साखळी झाली. डब्यात कोनाड्यासारख्या जागी अडकविलेली ती साखळी आणि तिच्याखालची दंडाची सूचना आपल्या पिढीतील प्रत्येकाने लहानपणी भीतियुक्त आदराने वाचली आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने आपल्या १४१ व्या कलमात विनाकारण साखळी ओढणे हा कैदेस आणि दंडास पात्र असा गुन्हा ठरविला. आता अनेक डब्यांत तेथे साखळी नसते, तांबडी मूठ असते. तरीही आपण "मूठ ओढली" असे म्हणत नाही. "साखळी ओढली" असेच म्हणतो. लोखंड गेले, भाषेत पीळ राहिला.

अशा या साखळ्या आणि दोर प्रतिकृतींत मात्र फार उशिरा आले. जर्मनीतील मेर्कलिन या घराण्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरीव मापाच्या रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातील गाड्या मांडल्या. फ्रँक हॉर्नबी याच्या कारखान्याच्या गाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या. त्या पत्र्याच्या, रंगीत, चावीवर पळणाऱ्या गाड्या मुलांसाठी होत्या. त्यांत साखळी कोण शोधतो? परंतु याच काळात मोठ्या माणसांची एक निराळी जात निर्माण झाली. तिला पळणाऱ्या खेळण्यापेक्षा मुळाबरहुकूम प्रतिकृती हवी होती. लंडनमध्ये १९१० साली अशा हौशी मंडळींचा क्लब निघाला. अमेरिकेत मिलवॉकी येथून १९३४ साली 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू झाले आणि १९३५ साली त्याच शहरी त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

ही वर्षे लक्षात घ्यावीत. ती मंदीची होती. पुढे महायुद्ध आले, १९४२ च्या मध्यापासून अमेरिकेत धातूची खेळणी करण्यास बंदी झाली, आणि १९४३ साली लायोनेल या प्रसिद्ध कंपनीने चक्क पुठ्ठ्याची गाडी विक्रीस काढली. अशा दिवसांत ज्यास हौस सोडवत नव्हती त्याने घरातील वस्तूंकडे नव्या नजरेने पाहावयास शिकावे, हे स्वाभाविकच होते. फुटक्या दागिन्याची साखळी, शिवणाचा दोरा, मोडक्या यंत्राची तार, खाऊच्या डब्याचा पुठ्ठा, यांतून डबे उभे राहिले. युद्धानंतर प्लॅस्टिकचे साचे आले, सुबक डबे मुबलक झाले, आणि साखळीचा उंचवटा झाला. मग जाणत्यांनी पुन्हा तार हाती घेतली.

ती कृती आम्ही करून पाहिली आहे, म्हणून सांगतो. ८७ व्या हिश्श्याच्या प्रमाणात तीन इंचांचा दुवा एका मिलिमीटरहूनही लहान होतो. असे दुवे सुटे करून ओवावयाचे तर सोनाराची रीत घ्यावी लागते. बारीक तार सुईभोवती अंगास अंग लावून गुंडाळावयाची, ते वेटोळे सुईवरून काढून एका बाजूने कापावयाचे, म्हणजे कड्या सुट्या होतात. मग दोन चिमट्यांनी एकीत एक अडकवावयाची. सोनार तेथे डाख देतो, कारण गळ्यातील साखळीवर भार येतो. येथे भार नाही, म्हणून डाख नको. आमच्या देवळातील लामणदिव्याची पितळी साखळी जवळून पाहिल्यावर आम्हांस ही युक्ती प्रथम समजली.

ज्यास इतका धीर नाही त्याने दुसरी रीत धरावी. विजेच्या जुन्या वायरीवरील आवरण सोलून आतील केसासारखी तांब्याची एक तार घ्यावी. ती ज्योतीवरून क्षणभर फिरविली की मऊ होते. एका खिळ्याभोवती ती दुहेरी करावी आणि मोकळी टोके हातगिरमिटाच्या तोंडात पकडून, ताण कायम ठेवून, सावकाश पीळ द्यावा. घाईने दिलेला पीळ एका जागी दाटतो आणि तार तुटते. पीळ बसल्यावर पकडीच्या सपाट तोंडाने ती किंचित दाबावी. वीतभर अंतरावरून पाहणाऱ्यास एक दुवा उभा, एक आडवा, अशी साखळी दिसते. काळा आणि थोडा तांबूस रंग चढविला की तांबे लोखंड होते. खर्च शून्य.

दोराची कृती अधिक बोधप्रद आहे. एक इंच जाडीचा दोर या प्रमाणात साध्या शिवणाच्या दोऱ्याएवढा होतो. पण नुसता दोरा लावला तर तो दोर दिसत नाही. सुतास लव असते, ती मेणाने बसवावी लागते. चहाच्या पाण्यात बुडविल्यावर रंग काथ्याचा येतो. आणि मुख्य म्हणजे पीळ. खऱ्या दोराचे पदर एका दिशेने पिळतात आणि मग ते तिन्ही एकत्र उलट दिशेने वळतात. प्रत्येक पदरास उलगडावयाचे असते, पण त्याच्या उलगडण्यानेच दोराचा वळ आवळला जातो. एकमेकांच्या विरोधातून त्यांचे ऐक्य टिकते. संयुक्त कुटुंबांचे वाटपाचे दावे चालविताना हा नियम आम्हांस पूर्वी ठाऊक असता तर पुष्कळ तडजोडी सुलभ झाल्या असत्या.

दोर बनविला, तरी तो लोंबत नाही. हा अनुभव प्रत्येक नवशिक्यास येतो. कारण लांबी ८७ पटीने कमी झाली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटीने कमी होते. धाग्याचा ताठपणा मात्र त्या मानाने कमी होत नाही. खरा दोर आपल्या भाराने झोळ घेतो, प्रतिकृतीतला दोर हवेत काठीसारखा उभा राहतो. म्हणून त्यास पातळ सरस लावून, खाली लहानसे वजन टांगून, झोळ देऊन वाळवावे लागते. येथे मुळाबरहुकूम दिसावयाचे तर मुळाबरहुकूम करून चालत नाही. दोर काय करतो हे ओळखून ते निराळ्या उपायाने साधावे लागते.

हे आम्हांस पुरते उमगले ते एका शेजाऱ्यामुळे. मीटरगेजच्या काळात मुरगाव ते कॅसलरॉक या मार्गावर डबे तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे एक वृद्ध गृहस्थ आमच्या देवळाच्या वाटेवर राहतात. आमचा पूर्ण झालेला डबा आम्ही त्यांस मोठ्या अभिमानाने दाखविला. त्यांनी तो तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सारला, खालून वरून पाहिला आणि विचारले, "वकीलबाब, ब्रेक सुटला जाल्यार सांखळ इतली ताठ कित्याक?" आम्ही निरुत्तर झालो. डबा मोकळा उभा होता, चाके फिरत होती, आणि आम्ही साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बसविली होती. सुबक दिसावी म्हणून! ते पुढे म्हणाले की ताठ साखळी म्हणजे ब्रेक लागलेला. तसा डबा गाडीस लावला तर चाके घासतात, तापतात, आणि त्याचा जाब तपासणाऱ्यास द्यावा लागतो. अंधारात साखळीस हात लावून ती सैल आहे की नाही हे ते पाहत असत. आम्ही घरी येऊन साखळी काढली आणि अर्धा दुवा झोळ ठेवून पुन्हा बसविली. आमच्या साऱ्या वाचनाने जी चूक आमच्या नजरेस आणून दिली नाही ती एका हाताच्या स्मृतीने एका क्षणात दाखविली.

प्रतिकृतींचा विषय निघाला म्हणजे आपल्या लोकांस ग्वाल्हेरची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. महाराज माधवराव शिंदे यांस आगगाडीचा विलक्षण नाद होता. त्यांच्या संस्थानात १८९९ पासून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावू लागलेल्या गाडीने पुढे शंभराहून अधिक वर्षे खेडोपाडीच्या लोकांस वाहून नेले. २०२० साली ती थांबली. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर त्यांची चांदीची आगगाडी आजही पाहावयास मिळते. मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे, आणि कोणी सुरई उचलली की आपोआप थांबे. कलाकुसरीत ती अप्रतिम आहे. तिच्यावर टीका करावी असे आमच्या मनातही नाही. तिचे काम पाहुणचाराचे होते आणि ते तिने उत्तम केले. परंतु इतिहासाच्या साक्षीदार म्हणून तिला पिंजऱ्यात उभे केले तर ती थोडेच सांगू शकेल. धनी कोण होता, वैभव केवढे होते, हे ती सांगेल. छपरावरून कोण धावत होते, ते तिला ठाऊक नाही. तेवढ्यापुरती आमची फुकटची तार अधिक जाणते, कारण ती योग्य जागी बसविण्यासाठी आम्हांस त्या माणसाचे नाव विचारावे लागले.

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले झाले आहे. तेथे मुले काचेस नाक लावून गाड्या पाहतात. मुलांस घेऊन जाणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की घरी परतल्यावर त्यांच्या हाती एक तारेचा तुकडा आणि एक दोरा द्यावा. साखळी वेडीवाकडी झाली तर होऊ द्यावी. मात्र ती कशासाठी होती, कोणाच्या हातात होती, सैल केव्हा आणि ताठ केव्हा, हे आधी विचारावयास लावावे. शक्य तर गावातील एखाद्या निवृत्त रेल्वेवाल्याकडे न्यावे. आपल्याकडे असे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे हात आता थकत चालले आहेत.

आमचा डबा सध्या मेजावर, खटल्यांच्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारी उभा आहे. ते गठ्ठे सुतळीने बांधलेले आहेत. परवा एक अशील कौतुकाने तो डबा उचलून म्हणाले, "एवढी बारीक साखळी! महाग असेल." आम्ही त्यांस तिची किंमत सांगितली नाही. जॉन्सनची हकीकत सांगितली. ती ऐकून त्यांनी डबा खाली ठेवताना साखळीस बोट लावून पाहिले. ती सैल होती.